कोरा उंदीर

"तुमच्यापासून त्याइले धोका हाय. त्याइच्यापासून तुमाले काई नाई."

उंदरांच्या खोलीच्या दारात उभं राहून बाई हे प्रत्येकाला ऐकवत. ऐकवताना उजव्या हाताचा पंजा समोरच्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर धरलेला असे, शाळेजवळच्या रस्त्यावर गाड्या थांबवतात तसा. समोर रुग्णालयाचे विश्वस्त असोत, तपासणीला आलेले अधिकारी असोत की स्वतःच्या सासूबाई असोत, पंजा तोच आणि वाक्यही तेच. सासूबाई मोताळ्याहून घाट चढून खास सुनेचं काम पाहायला आल्या होत्या. काचेतून बराच वेळ आत पाहून त्यांनी विचारलं, "याच्यासाठी एवढी शिकली का वं तू?" त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या की घरी आपण उंदीर घालवायला पिंजरा लावतो आणि इथे ठेवायला लावतो, शिक्षण लागतं ते एवढ्या फरकासाठीच.

बाईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या अज्ञानामुळे. जनावरांवर प्रयोग करायचे तर एका समितीची परवानगी लागते आणि त्या समितीत विज्ञानाशी संबंध नसलेला एक तरी माणूस असावा लागतो. मी बुलढाण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. शास्त्रातलं काही कळत नाही ही माझी पात्रता होती आणि तिच्याविषयी गावात दुमत नव्हतं.

रुग्णालय कॅन्सरचं, गावाबाहेर, पठार संपून घाट सुरू होतो त्या अंगाला. एका ट्रस्टचं. ट्रस्टच्या अध्यक्षांना दीपप्रज्वलनाचा सोस होता. नवा फ्रीज आला तरी समई निघायची. असे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील. माणूस वाईट नसतो, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट उद्घाटनाच्या बाजूने दिसते. मोठ्या शहरात असतं तसं संशोधन आपल्याकडेही असावं असं त्यांच्या मनात आलं, आणि परदेशातल्या प्रयोगशाळेत काही वर्षं काढून परतलेल्या बाई त्यांना सापडल्या.

बाई परत का आल्या याबद्दल गावात वेगवेगळे तर्क होते. नवऱ्याशी पटत नसणार, नोकरी गेली असणार, तब्येत असणार. मी एकदा सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, तिकडे सगळं चांगलं होतं, पण गाठ यायची ती डबीतून, वर नुसता नंबर. ज्याच्या पोटातून ती निघाली तो माणूस जेवतो का, झोपतो का, कुठल्या गावचा, काही कळायचं नाही. "मले बिननावाच्या गाठीसंगं बोलायले जमत नाई, सर." बाई पन्नाशीच्या आसपासच्या, बुटक्या, आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या धुऱ्यावर ऐकू जाईल असा. परदेशात राहूनही त्या आवाजातली वऱ्हाडी तसूभर हलली नव्हती. इंग्रजीही त्या वऱ्हाडीच्याच चालीत बोलत.

काम असं होतं. पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की गाठीचा छोटा तुकडा बर्फाच्या डब्यातून त्यांच्याकडे यायचा. त्याचे तांदळाएवढे तुकडे करून, उंदराला भूल देऊन, त्या एकेक तुकडा त्याच्या जठराच्या भिंतीवर शिवत. कातडीखाली लावणं सोपं असतं आणि पुष्कळ जण तसंच करतात. बाईंना ते मान्य नव्हतं. गाठ जिथे वाढली तिथेच ती खरी वागते, पाठीवर बसवली तर पाहुण्यासारखी वागते, असं त्यांचं म्हणणं. ते उंदीरही वेगळे. अंगावर केस नाहीत, गुलाबी, सुरकुतलेले, जन्मतःच म्हातारे दिसणारे. त्यांच्या शरीरात परक्याला हाकलणारी शक्तीच नसते, म्हणून माणसाची गाठ तिथे रुजते. त्याच कारणाने आपला साधा खोकलाही त्यांचा जीव घेऊ शकतो. दारातला तो पंजा त्यासाठी.

आता पोटातली गाठ वाढते आहे की नाही हे पोट न फाडता कसं कळायचं? तर बाई उंदराच्या शेपटीच्या शिरेतून एक रंग टोचत. तो रंग अशा रेणूला बांधलेला असे, की रेणू जाऊन गाठीलाच चिकटावा. मग उंदराला भूल देऊन अंधाऱ्या पेटीत निजवायचं, त्याच्यावर विशिष्ट प्रकाश टाकायचा, आणि रंग जिथे जमला असेल तिथे कॅमेऱ्याला उजेड दिसतो. मला हे समजायला तीन बैठका लागल्या. अध्यक्षांना पहिल्याच बैठकीत समजलं होतं.

समितीत माझं आणि बाईंचं पहिलं भांडण झालं ते कोऱ्या उंदरावरून. प्रत्येक गटात त्या काही उंदीर असे ठेवत, ज्यांना गाठ लावायचीच नाही. बाकी सगळं सारखं: तीच खोली, तेच खाणं, तोच रंग. शेवटी त्यांनाही मारायचंच. मला ते खटकलं. ज्याच्यावर प्रयोगच नाही त्याचा जीव कशासाठी घ्यायचा, असा मी आवाज चढवून प्रश्न केला. समितीत आल्यापासून पहिल्यांदाच काही बोलायला मिळालं होतं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"याले काईच केलं नाई, म्हणून हा खोटं बोलू शकत नाई. बाकीचे बोलतीन. मीबी बोलीन, उजेड दिसला की. मले आडवायले हाच पाहिजे."

मी सही केली. पटलं होतं असं नाही.

त्यानंतर कंडक्टर आले. यांची उभी नोकरी लोणार-बुलढाणा एसटीवर गेली होती आणि निवृत्तीनंतर लगेच पोटाने धरलं होतं. मुलांनी त्यांना अल्सर सांगितला. डॉक्टरांनी मुलांचं ऐकून अल्सरच सांगितला. गावातले लोक भेटायला येऊन अल्सरवर काय खावं ते सांगून जात आणि जाताना डोळे पुसत. शेवटी ऑपरेशनला आणलं तेव्हा रुग्णालयाच्या फाटकावरची पाटी कंडक्टरांनी स्वतः वाचली आणि मुलांना म्हणाले, "काऊन रे, अल्सरवाल्याइची पाटी वेगळी नसते का?"

बाई त्यांच्या खाटेवर बसल्या आणि गाठीचा तुकडा कशाला हवा, कुठे लावणार, त्या उंदराचं पुढे काय होणार, सगळं सांगितलं. याचा तुमच्या उपचाराला उपयोग होणार नाही, कारण उंदरात गाठ वाढेपर्यंत तुमची औषधं संपत आलेली असतील, हेही सांगितलं. कंडक्टर ऐकत होते. बाजूला त्यांची बायको म्हणत होती, देऊन टाका हो, कशाला चौकशा.

ते म्हणाले, "देतो. पण मले पाहाचा हाय तो. बिनतिकिटाचा पॅसेंजर मी घाट लागायच्या आधी ओयखत होतो. हा मायाच पोटात बसून आला अन् साऱ्याइनं मिळून मायापासून लपवला."

"लागली तं दाखवीन," बाई म्हणाल्या. "नाई लागली तं सांगीन."

मग त्यांनी सही केली. कंडक्टरांचं त्यापुढचं सगळं लक्ष या एका गोष्टीवर लागलं. जठराचा बराचसा भाग काढला होता, थोडं थोडं सारखं खावं लागे, म्हणून एक छोटा डबा कायम जवळ. औषधाचा डोस घ्यायला लोणारहून येत आणि आधी बाईंच्या दारात जात. आतल्यांची चौकशी करत. बाई दर वेळी तेच सांगत, अजून पाहिलं नाही.

पाहायची वेळ आली तेव्हा अध्यक्षांनी त्याचा कार्यक्रम केला. ट्रस्टला देणगी देऊ शकतील असे एक पाहुणे येणार होते. बाईंनी पुष्कळ सांगितलं, आधी आपण आपलं पाहू, मग लोकांना दाखवू. अध्यक्षांचं म्हणणं, आधी पाहिलेलं दाखवण्यात मजा काय? शेवटी बाईंनी एकच अट घातली, कोरा उंदीरही दाखवायचा. अध्यक्ष कबूल झाले. पण शुभारंभ रिकाम्याने नको, आधी गाठवाला.

धुराने आत त्रास होईल म्हणून समई पोर्चमध्ये मांडली. पठारावरचा वारा दीपप्रज्वलनाच्या विरोधात आहे. काड्यांची पेटी संपत आली तेव्हा पाहुण्यांनीच, मनोमन पेटली असं समजू, असा तोडगा काढला. आम्ही बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर बसलो. पहिल्या रांगेत कंडक्टर, तोंडाला मास्क, मांडीवर डबा. अध्यक्षांनी त्यांचा सत्कार केला होता. हार मानेला जड होत होता म्हणून त्यांनी तो शेजारच्या खुर्चीवर, माणूस बसवावा तसा, बसवला होता.

बाई आत होत्या. पडद्यावर करड्या रंगाचा उंदीर आला आणि त्याच्या पोटाच्या जागी लाल-पिवळा उजेड फुलला. लहानसहान नाही, अख्खं पोटच पेटलेलं. टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्ष काठी घेऊन उठले आणि कॅन्सर कुठून कुठे पसरला ते पाहुण्यांना दाखवू लागले. त्या गडबडीत कंडक्टर उभे राहिलेले मी पाहिले. त्यांनी पडद्याला हात जोडले. मग आपण कोणाला हात जोडतो आहोत हे ध्यानात येऊन ते खाली घेतले. "अच्छा," ते हळूच म्हणाले, "तू हाय का तो."

दुसरा उंदीर आला, तसाच झगझगीत. तिसराही. अध्यक्षांनी चहाची खूण केली. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, "थांबा. एक राह्यला."

चौथा उंदीर पडद्यावर आला. कोरा. त्याचंही पोट तसंच पेटलेलं होतं.

टाळ्या इथेही पडल्या. पाहुणे जाणकारपणे म्हणाले, यालाही चांगला झालाय. समितीतल्या आम्ही दोघा-तिघांनी मात्र हात मांडीवरच ठेवले, कारण याला काहीच केलेलं नाही हे आम्हाला भांडून माहीत होतं.

बाई बाहेर आल्या. अध्यक्ष लगबगीने पुढे होऊन त्यांच्या कानाशी बोलले. मी जवळच होतो, ऐकू आलं. मशीनचं काही असेल, उद्या बघू, आत्ता पाहुण्यांसमोर आणि पेशंटसमोर नको, बिचारा किती खूश झालाय. बाईंनी मान हलवली आणि पाहुण्यांकडे न जाता कंडक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे तुमचं नाई. काय हाय ते मले अजून मालूम नाई. पण तुमचं नाई."

कंडक्टर खाली बसले. "म्हंजे लागली नाई?"

"लागली का नाई, तेबी आज सांगता येत नाई."

पाहुणे मोबाइलमध्ये शिरले. अध्यक्ष आपल्याच काठीकडे पाहत राहिले. अल्सरपासून आजपर्यंत या माणसाला सगळ्यांनी बरं वाटेल तेच सांगितलं होतं, आणि आता ज्या एकीवर त्याने भरवसा टाकला तिने भर सभेत हे सांगितलं. मला वाटलं, आता हे उठून जातील आणि पुन्हा येणार नाहीत. कंडक्टरांनी बराच वेळ डब्याचं झाकण उघडबंद केलं. मग त्यांचे खांदे हलू लागले. रडताहेत वाटलं, तर हसत होते.

"अन् मी त्याले हात जोडले ना वं, बाई."

त्या दिवशी चहाला झाली तेवढी गर्दी त्या रुग्णालयात पुन्हा झाली नाही.

कोऱ्या उंदराचं पोट उघडल्यावर उलगडा झाला. आत हिरवा चोथा होता. उंदरांची देखभाल करणारे सुदामभाऊ समोर उभे होते. साठीला टेकलेले, शेतकरी माणूस, खोलीत शिरण्याचे नियम बाईंपेक्षा कडक पाळणारे. त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. उंदरांना मिळणारं पांढरट, कोरडं खाणं त्यांना बघवत नव्हतं. त्यात ऑपरेशन झालेले जीव. त्यांच्या घरी आजारी शेळीला लसूणघास घालतात, ती दोन दिवसांत उठते. म्हणून रोज घरून पेंढीभर लसूणघास आणला, वाफेच्या यंत्रात घालून नियमाप्रमाणे निर्जंतुक केला आणि सगळ्यांना सारखा वाटला.

"कोऱ्यालेबी देला," ते म्हणाले. "तुमीच सांगतलं व्हतं ना, त्याइच्यात फरक करायचा नाई."

हिरव्या पाल्याला त्या प्रकाशाखाली स्वतःचाच उजेड असतो. म्हणून तर बाईंनी बिनपाल्याचं खाणं मागवलं होतं. बाई सुदामभाऊंकडे पाहत राहिल्या. रागवावं तर नियम एकही मोडलेला नव्हता. शेवटी म्हणाल्या की चूक माझी. आत काय आणू नका ते सांगितलं, हे खाणं पांढरं का असतं ते सांगितलं नाही. मग त्यांनी सुदामभाऊंना पेटीसमोर नेलं आणि लसूणघासाची एक काडी आत ठेवून दाखवली. काडी निखाऱ्यासारखी पेटली. सुदामभाऊ म्हणाले, आमचं सारं वावर असंच असीन तं रातच्याले लाईट कायले पाहिजे?

समितीच्या पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी इतिवृत्तात 'तांत्रिक अडचण' असं लिहायला सांगितलं. बाई म्हणाल्या, 'लसूणघास' लिहा. त्यावर बैठक दुपारच्या जेवणापर्यंत चालली. मी लसूणघासाच्या बाजूने बोललो. समितीतलं माझं ते एकमेव ठोस कार्य.

काही दिवस उंदीर पुन्हा पांढऱ्या खाण्यावर राहिले. मग बाईंनी कंडक्टरांना निरोप धाडला. या वेळी समई नव्हती. बाई, सुदामभाऊ, कंडक्टर आणि मी. मला थोडा खोकला होता. मी बाहेरच्या खोलीतही शिरतो न शिरतो तोच पंजा आडवा आला. उंदीर तर काचेपलीकडे होते. पण बाईंचा रोख कंडक्टरांकडे होता. औषधांनी त्यांच्याही अंगातला पहारा उठला होता. मी मास्क लावून दाराशी उभा राहिलो.

आधी उरलेल्यांपैकी एक कोरा. पडदा काळा. बाई पुन्हा पुन्हा तपासून पाहत होत्या. मग गाठ लावलेला पहिला. तोही काळा. कंडक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. मग दुसरा आला आणि त्याच्या पोटाच्या डाव्या अंगाला एक ठिपका दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा. बाईंनी कोरा उंदीर पुन्हा ठेवला, काळा. पुन्हा तो ठेवला, ठिपका. मग आतूनच म्हणाल्या, "भाऊ, हा तुमचा."

कंडक्टर खुर्ची ओढून पडद्याजवळ गेले. हात जोडले नाहीत. "एवढुसा?"

"दिसते एवढुसा. असीन याच्याहून मोठा."

ते पाहत राहिले. मग डबा उघडून तिथेच शिऱ्याचे दोन घास खाल्ले, वेळ झाली होती. खाताना नजर पडद्यावरून हलली नाही. मुलांना दाखवायला फोटो मिळेल का, असं त्यांनी विचारलं. बाईंनी दिला. कंडक्टरांनी तो खिशात घातला आणि लोणारच्या गाडीत, मला नंतर कळलं, ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांना दाखवला.

पुढे त्या गाठी उंदरातून उंदरात गेल्या, त्यांच्यावर औषधं सुरू झाली, ठिपके कुठे वाढले, कुठे आटले. कंडक्टर प्रत्येक खेपेला विचारत. मी एकदा म्हटलं, याचा तुम्हाला उपयोग नाही म्हणतात ना बाई. ते म्हणाले, "मायी गाडी तं सुटली, सर. मागच्या गाडीतल्याइले तं सांगता येईन, रस्ता कसा हाय ते."

देणगीचे पाहुणे मात्र फिरकले नाहीत. पोटभर उजेड पाहिलेल्या माणसाला ज्वारीच्या दाण्यात रस वाटणं कठीणच. अध्यक्षांचं मन हळूहळू आवारात ध्यानमंदिर बांधण्याकडे वळलं. तेवढ्यात मोठ्या शहरातल्या एका संस्थेने बाईंना बोलावलं, उंदरांसकट. निरोपसमारंभात अध्यक्षांनी लसूणघासाची गोष्ट सांगितली. तिच्यात सत्य जगासमोर मांडण्याचा निर्णय अध्यक्षांचा होता. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि शाल घेतली. उंदीर रुग्णवाहिकेतून गेले, थंड हवा लावून, सायरन न वाजवता. बाई पुढे बसल्या नाहीत, मागे पिंजऱ्यांपाशी बसल्या. सुदामभाऊ शहरापर्यंत सोबत गेले आणि परत आल्यावर एवढंच म्हणाले की एकही जण दगावला नाही.

ती खोली आता भांडारघर आहे. दारात कोणी अडवत नाही, त्यामुळे आत जावंसंही वाटत नाही.

कंडक्टर तपासणीला बुलढाण्याला येतात तेव्हा गाडीच्या वेळेपर्यंत माझ्याकडे बसतात. त्यांचे रिपोर्ट आजवर बरे आहेत. 'आजवर' हा शब्द ते स्वतःच लावतात. मग आम्ही बाईंना व्हिडिओ कॉल लावतो. परवा लावला तेव्हा त्या अंधाऱ्या खोलीतच होत्या. मास्क, टोपी, मध्ये नुसते डोळे. उंदरांतल्या कंडक्टरांच्या गाठीवर नव्या औषधाची जोडी चालली होती. बाईंनी फोन वळवून पडद्यासमोर धरला.

आम्ही दोघं चष्मे सावरून वाकलो. पडदा काळा होता.

"मले तं काई दिसत नाई," कंडक्टर म्हणाले.

"मलेबी नाई, भाऊ."

"म्हंजे गेला?"

"दिसत नाई, एवढं मालूम हाय. पुढच्या महिन्यात पुन्हा पाहू."

कंडक्टरांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते 'गेला' म्हटल्याने आलं नसतं. बाई कामाला लागल्या, फोन बंद करायचा राहिला. आम्हीही केला नाही. माझ्या टेबलावर तो काळा चौकोन तसाच उभा होता, गाडीची वेळ होत आली होती, आणि आत अंधारात कुठेतरी बाई एका भूल उतरणाऱ्या उंदराशी बोलत होत्या.

"उठ बाप्पा. झालं तुयं. जाय आता, जेव."